जेनेटिक्स कळतं, मॉलिक्युलर बायॉलॉजी डोक्यावरून जातं. अभ्यास कसा करू?

झाडीपट्टीची

नमस्कार. मी एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. बीएस्सी तालुक्याच्या कॉलेजातून केली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजीत होती, पण सर मराठीतूनच समजावून सांगायचे, त्यामुळे अडचण अशी कधी जाणवली नाही. इथे विद्यापीठात मात्र सगळं इंग्रजीत आणि सगळं भराभर.

मागच्या आठवड्यात इंटर्नलचे मार्क लागले. जेनेटिक्समध्ये ३० पैकी २४, मॉलिक्युलर बायॉलॉजीत ३० पैकी ९. दोन्ही पेपरांना मी सारखाच वेळ दिला होता. उलट मॉलिक्युलरला जास्तच.

जेनेटिक्सच्या पेपरात एक गणित होतं. आईवडील दोघे वाहक, एक मुलगा आजारी, त्याची बहीण निरोगी. ती बहीण वाहक असण्याची शक्यता किती? वर्गात बऱ्याच जणांनी निम्मी लिहिली. मी दोन-तृतीयांश लिहिलं, कारण ती बहीण मीच आहे. माझा धाकटा भाऊ सिकलसेलचा एसएस (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, म्हणजे आजारी) आहे, आईबाबा दोघं एएस (एकच प्रत बिघडलेली, म्हणजे वाहक), मीही एएस. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत, पावसात भिजला की त्याची हाडं दुखायला लागतात आणि मग रात्री-बेरात्री ग्रामीण रुग्णालय गाठावं लागतं. बारावीनंतर हा विषय मी त्याच्यासाठीच धरला. त्यामुळे मला या विषयात नापास होणं परवडणार नाही, आणि नुसतं पास होऊनही माझं भागणार नाही.

मॉलिक्युलरचं म्हणाल तर नुसती नावंच नावं. सिग्मा फॅक्टर, रो फॅक्टर, टीएफ-टू-डी, टीएफ-टू-एच, ईआयएफ-फोर-ई, ईएफ-टीयू. रात्री पाठ केलं की सकाळी पाटी कोरी. शिकवणारे स्लाइडवरचं वाचतात आणि पुढे जातात. प्रश्न विचारला तर 'पुस्तकात बघा' म्हणतात. पुस्तक उघडलं की एका पानाला अर्धा तास.

प्रॅक्टिकलचंही तेच. परवा प्लाझमिड (जिवाणूतला छोटा गोल डीएनए) काढायला दिलं होतं. सगळ्या पायऱ्या कागदावर लिहिल्याप्रमाणे केल्या. माझ्या जेलवर विहिरीत (नमुना भरायच्या खाचेत) एक चकाकणारा गोळा आणि खाली नुसता धूर. शेजारच्या मुलीच्या जेलवर स्वच्छ पट्ट्या. का, ते कुणी सांगितलं नाही. जर्नलमध्ये तिच्या जेलचं चित्र काढून सही घ्यायला सांगितलं.

ज्यांनी हे शिकलंय त्यांनी कृपया सांगा, हा विषय पाठ न करता समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची?

---

वाचक सोलापूर

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. विद्यापीठाच्या पेपरांत फार जीव अडकवू नका. नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) अभ्यासक्रम १३ युनिटांचा आहे, पेपर २०० मार्कांचा. पार्ट सीमध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ मार्क. आत्तापासून मागचे पेपर सोडवायला लागा. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) लागली की महिना ३७,००० रुपये आणि पीएचडीची दारं उघडतात. माझ्या खोलीवरचे दोघे असेच निघाले.

---

निळी शाई

झाडीपट्टीची, मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. मूळची यवतमाळची. एमएस्सी केली आणि गेली अनेक वर्षं रक्ताच्या तपासण्यांच्या लॅबमध्ये आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे माझं रोजचं काम.

तुझी पोस्ट दोनदा वाचली. तुला जेनेटिक्स कळतं कारण त्यात तुला तुझं घर दिसतं. मॉलिक्युलरमध्ये कुणाचंच घर दिसत नाही, म्हणून ती नावं टिकत नाहीत. माझं सांगणं एवढंच आहे: एक जनुक घे आणि सगळा अभ्यासक्रम त्याच्यावरून चालव. तुझ्यासाठी ते जनुक ठरलेलंच आहे, बीटा ग्लोबिन.

एक दोनशे पानी वही आण. पहिल्या पानावर हे लिही:

एटीजी – जीटीजी – सीएटी – सीटीजी – एसीटी – सीसीटी – जीएजी – जीएजी

ही बीटा ग्लोबिनच्या संदेशाची सुरुवात. खाली अमिनो आम्लं लिही: मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल. आता यातल्या पहिल्या जीएजीमधल्या मधल्या ए-ला खोडून टी कर. जीटीजी झालं, म्हणजे व्हॅलिन. तुझ्या भावाच्या दोन्ही प्रतींमध्ये हे एवढंच बदललंय, तुझ्या एका प्रतीत.

इथे बोट ठेवून मोज. ते सातवं कोडॉन (तीन अक्षरांचा गट) आहे, पण जुन्या पुस्तकांत 'सहावं अमिनो आम्ल' लिहिलेलं असतं आणि नव्या रिपोर्टवर 'सात' लिहून येतं. मुलं यात हमखास अडकतात आणि दोनांतलं एक चुकलंय असं धरून चालतात. दोन्ही बरोबर आहेत. सुरुवातीचं मेथिओनिन प्रथिन तयार होतानाच छाटलं जातं, म्हणून तयार प्रथिनात मोजलं की सहा, जनुकावर मोजलं की सात. ट्रान्सलेशनच्या प्रकरणातला हा मुद्दा तुला आता पाठ करावा लागणार नाही.

पुढचं पान स्प्लायसिंगचं. या जनुकात तीन एक्झॉन (संदेशात राहणारे तुकडे), दोन इन्ट्रॉन (मधले, कापून टाकायचे तुकडे). पहिला इन्ट्रॉन १३० बेसचा, दुसरा ८५० चा. आपल्याकडे थॅलेसेमियाचं सगळ्यात जास्त दिसणारं उत्परिवर्तन कुठे आहे माहीत आहे? पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या बेसवर, जी-च्या जागी सी. प्रथिनाचं एक अक्षरही बदललेलं नाही, कारण इन्ट्रॉन कापून टाकला जाणार असतो. तरी मूल आजारी. का? कापणाऱ्या यंत्रणेला कापायची जागा नीट ओळखू येत नाही, ती भलतीकडे कापते. हे एकदा कागदावर काढून बघ. कापणाऱ्या यंत्रणेतला यू-वन आरएनए त्या जागेवर बेस जुळवून बसतो, हे वाक्य मग पुस्तकात वाचलंस की डोळ्यांसमोर उभं राहील.

त्याच्या पुढचं पान रीडिंग फ्रेमचं. आठव्या आणि नवव्या कोडॉनच्या मध्ये एक जी जास्त घुसला की पुढची सगळी वाचणी सरकते आणि थोडं पुढे जाऊन अकाली थांबा लागतो. ४१-४२ कोडॉनमधून चार बेस गळले की तसंच. पंधराव्या कोडॉनला टीजीजीचं टीएजी झालं की तिथेच थांबा. सिंधी कुटुंबांत बरेचदा ६१९ बेसचा तुकडाच गायब असलेला दिसतो. प्रोमोटरमध्ये (संदेश उतरवायला जिथून सुरुवात होते त्या जागेत) एक अक्षर बदललं की संदेशच कमी बनतो. शेपटीजवळच्या एएटीएएए मध्ये बदल झाला की पॉली-ए (संदेशाची ए-ए-ए शेपटी) नीट लागत नाही. बघ, फ्रेमशिफ्ट, नॉनसेन्स, डिलीशन, प्रोमोटर, पॉलीएडेनिलेशन, तुमच्या अभ्यासक्रमातली बहुतेक प्रकरणं या एका १,६०० बेसच्या जनुकात येऊन गेली.

आता जीन रेग्युलेशन. हे मला पुस्तकातून कधीच कळलं नव्हतं, लॅबमध्ये कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नोकरीला लागून वर्ष झालं असेल. एक बाई महिन्याभराचं बाळ घेऊन आली होती. बाळ गुटगुटीत, टकामका बघणारं. मोठं मूल एसएस होतं म्हणून डॉक्टरांनी याचंही रक्त पाठवलेलं. मी सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी लावली, पीएच ८.६. तिथे हिमोग्लोबिन धन टोकाकडे सरकतं. ए सगळ्यात पुढे, एस मागे, कारण ग्लुटामिक आम्लाचा ऋण भार गेलाय आणि व्हॅलिनला भारच नाही. एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, या दोघांच्या मध्ये. पट्टी रंगवून धुतली. मोठ्या माणसांच्या पट्ट्या बघायची सवय, आणि इथे एफची जाड लाल पट्टी, तिच्या मागे एसची अगदी पुसट रेघ. ए-च्या जागी काहीच नाही. मी पट्टी उजेडाकडे धरून दोनतीनदा बघितली.

रिपोर्ट ऐकून ती बाई म्हणाली, "बाळ तर चांगलं आहे ना, मग हे असं कसं?"

मला उत्तर माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. गर्भात आणि जन्मानंतर काही महिने गॅमा ग्लोबिनचं जनुक चालू असतं, मग ते मंदावतं आणि बीटाचं जोर धरतं. पण त्या दिवशी त्या वाक्याचा अर्थ समोर मांडीवर बसला होता. बाळ चांगलं होतं ते अजून एफवर चाललं होतं म्हणून. बिघडलेलं जनुक जन्मापासून तिथेच होतं, त्याची पाळी यायची होती. तुझ्या आईला विचार, तुझा भाऊ पहिले पाच-सहा महिने कसा होता. बहुतेक ती म्हणेल, काही नव्हतं गं त्याला.

तर गॅमाला बंद कोण करतं, हा पुढचा प्रश्न. त्यात मोठा वाटा बीसीएल-इलेव्हन-ए या प्रथिनाचा. लाल पेशी घडताना त्याची पातळी वाढली की गॅमा दबतं. २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत सिकलसेलवर क्रिस्परचा (डीएनए ठरावीक जागी कापण्याच्या तंत्राचा) जो उपचार मंजूर झाला, तो सिकलसेलच्या जनुकाला हातच लावत नाही. तो बीसीएल-इलेव्हन-ए च्या एन्हान्सरला (जनुकाचं काम वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) कापतो, म्हणजे लाल पेशींच्या वंशात ते प्रथिन कमी पडतं आणि एफ पुन्हा वाढतो. तुला एन्हान्सर म्हणजे काय हे कुणी विचारलं तर हे उदाहरण सांग. एन्हान्सर विशिष्ट पेशीतच का काम करतो, हेही त्यातच आलं.

शेवटी तंत्रं. सीसीटीजीएजीजी ही अक्षरं एमएसटी-टू नावाच्या एन्झाइमची कापायची जागा. तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर बघ, सीसीटी जीएजी जी... सापडली? ए-चा टी झाला की ती जागाच नाहीशी. सदर्न ब्लॉटमध्ये (कापलेल्या डीएनएतला हवा तो तुकडा ओळखायच्या तंत्रात) साध्या जनुकाचा १.१५ किलोबेसचा तुकडा दिसतो, सिकलच्या जनुकाचा १.३५ चा. तुझ्या डीएनएत दोन्ही दिसतील, तुझ्या भावाच्या डीएनएत फक्त १.३५.

आणि एक गोष्ट. ग्रामीण रुग्णालयात पहिली चाचणी करतात ती सोल्युबिलिटीची. नळीत रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागे छापील ओळींचा कागद धरायचा. ओळी दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन ओळी झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. ऑक्सिजन काढून घेतला की एस हिमोग्लोबिन विरघळलेलं राहत नाही, एका रेणूतलं व्हॅलिन दुसऱ्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं आणि दोऱ्या तयार होतात. पण ही चाचणी एएस आणि एसएस दोघांतही पॉझिटिव्ह येते. म्हणून पुढची इलेक्ट्रोफोरेसिस. आता मला सांग, सिकल अप्रभावी की प्रभावी? आजार बघितला तर अप्रभावी, नळी बघितली तर प्रभावी, पट्टी बघितली तर सहप्रभावी. जेनेटिक्सच्या सरांना हा प्रश्न जरूर विचार. तुझे दोन पेपर इथे एक होतात.

सोलापूरकर, तुमचा सल्ला पैशाच्या बाजूने बरोबर आहे आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर ३७,००० रुपये लहान रक्कम नाही. पण पार्ट सीचे प्रश्न प्रयोग देऊन निष्कर्ष विचारतात. पाया कच्चा ठेवून मागचे पेपर सोडवणाऱ्या मुली माझ्याकडे ट्रेनिंगला येतात. पर्याय दिले तर उत्तर सांगतात, पट्टी हातात दिली तर गप्प होतात. पहिली दोन सेमिस्टर तिला समजून घ्यायला द्या, नेट तिसऱ्यापासून.

---

मुळा-मुठा

पुण्यात पीएचडी करतोय, जिवाणूंवर. वरच्या ताईंनी जनुकाचं सांगितलं, मी प्रॅक्टिकलचं सांगतो कारण तुझा तो धूर मला चांगलाच ओळखीचा आहे.

विहिरीत गोळा आणि खाली धूर म्हणजे जिवाणूचा मूळ डीएनए तुझ्या प्लाझमिडमध्ये आला. चूक बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या सोल्युशनच्या मध्ये झाली. दुसऱ्या सोल्युशनमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस असतं. एसडीएस पेशी फोडतं, अल्कली डीएनएच्या दोन दोऱ्या सुट्या करते. नळीतलं पाणी शेंबडासारखं चिकट होतं ना, तो जिवाणूचा लांबलचक डीएनए. तिसरं सोल्युशन, पोटॅशियम ॲसिटेट, घातलं की पीएच खाली येतो. प्लाझमिड लहान, त्याच्या दोन्ही कड्या एकमेकींत अडकलेल्या, त्यामुळे त्या चटकन परत जुळतात आणि प्लाझमिड पाण्यात राहतं. मूळ डीएनए एवढा लांब की त्याच्या दोऱ्या नीट जुळत नाहीत, तो गुंता होऊन प्रथिनं आणि एसडीएसच्या पांढऱ्या साक्यात अडकतो आणि खाली बसतो.

आता तू नळी जोरात हलवलीस किंवा व्हॉर्टेक्सवर धरलीस तर काय होईल? तो लांब डीएनए तुटून त्याचे तुकडे होतील. लहान तुकडे वर प्लाझमिडसोबत राहतील. तोच तुझा धूर. म्हणून नळी फक्त हळूच चार-सहा वेळा उलटी-सुलटी करायची आणि दुसऱ्या सोल्युशनमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, नाहीतर प्लाझमिडही खराब होतं. शेजारच्या मुलीचा हात हलका असेल, एवढंच.

आणि तिच्या जेलचं चित्र तुझ्या जर्नलमध्ये काढू नकोस. स्वतःचा धूर काढ, खाली कारण लिही. मी परीक्षक असतो तर त्याला जास्त मार्क दिले असते. आमच्या लॅबमध्ये वहीत बिघडलेले जेल चिकटवलेले असतात आणि सहा महिन्यांनी तेच कामाला येतात.

अभ्यासाबद्दल एकच. नाव वाचलं की आधी शोध, हे कुणाला कसं कळलं. लॅक ऑपेरॉन (जिवाणूची लॅक्टोज वापरायची जनुकं) मला बीएस्सीत पाठ होता आणि काडीचा कळला नव्हता. मग पार्डी, जेकब आणि मोनो यांचा प्रयोग वाचला, १९५९ चा. दाता जिवाणूत आय (रिप्रेसर, म्हणजे दडपणारं प्रथिन बनवणारं) आणि झेड (लॅक्टोज तोडणारं एन्झाइम बनवणारं) दोन्ही जनुकं धड, ग्राहकात दोन्ही बिघडलेली. दात्याचा डीएनए ग्राहकात गेला. लॅक्टोजसारखा कुठलाही इन्ड्यूसर (जनुक चालू करणारा पदार्थ) घातलेला नाही. तरी काही मिनिटांत एन्झाइम बनायला लागलं! आणि मग तासा-दीड तासात बनणं थांबलं. का सुरू झालं आणि का थांबलं, यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. ग्राहकात दडपणारं काहीच नव्हतं, म्हणून झेड लगेच कामाला लागलं. आय जनुकापासून रिप्रेसर बनून साठायला वेळ लागला, तो पुरेसा साठला तेव्हा काम थांबलं. म्हणजे आय जनुक असं काहीतरी बनवतं जे पेशीभर फिरतं. हे कळल्यावर आय-मायनस, ओ-सी, आय-एस या उत्परिवर्तनांचे सगळे तक्ते मला पाठ करावे लागले नाहीत. ते कोऱ्या कागदावर काढता येतात.

तसंच मेसेल्सन-स्टालचं, डीएनएची प्रत कशी बनते ते जड-हलक्या डीएनएच्या पट्ट्यांवरून दाखवणाऱ्या प्रयोगाचं. पहिल्या पिढीनंतर एकच मधली पट्टी आली, एवढ्यावर ते का थांबले नाहीत? दुसऱ्या पिढीची गरज का पडली? उत्तर स्वतः शोध, इथे लिही, मी तपासतो.

---

कराडचा मास्तर

मी ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. माध्यमाबद्दल थोडं.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण हे शब्द तुम्ही मराठीतून शिकला आहात. ते विसरायचे नाहीत, त्यांचाच आधार घ्यायचा. प्रतिलेखन म्हटलं की काय उतरवून घेतलं जातंय ते मराठी माणसाला आपोआप कळतं. माझी मुलं इंग्रजी परिच्छेद वाचताना आधी क्रियापदाखाली रेघ मारतात आणि समासात मराठीत लिहितात: कोण, कोणाला, काय करतं. 'सिग्मा पॉलिमरेजला प्रोमोटरवर बसवतो आणि नंतर सुटतो.' एवढं एक वाक्य. पानाला सात-आठ वाक्यं होतात. मग पुस्तक मिटून ती वाक्यं इंग्रजीत लिहायची. पहिले पंधरा दिवस फार सावकाश जातं, घाबरू नका. अर्धा तास एका पानाला लागतो म्हणजे तुम्ही ते पान खरंच वाचताय.

---

झाडीपट्टीची

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला महिना लागला, कारण मध्ये सेमिस्टरची प्रॅक्टिकल परीक्षा होती.

वही केली. निळी शाई ताई, पहिल्या पानावर तुम्ही सांगितलेली ओळ आहे. सीसीटीजीएजीजी सापडलं तेव्हा मी वसतिगृहाच्या खोलीत एकटीच मोठ्याने ओरडले, शेजारच्या मुली धावत आल्या. आत्तापर्यंत ४१ पानं झालीत. स्प्लायसिंगला सात पानं लागली, ट्रान्सलेशन अजून चालू आहे. ईएफ-टीयू आता पाठ केलेलं नाव वाटत नाही. ते अमिनो आम्ल लागलेला टीआरएनए रायबोसोमपर्यंत आणून पोचवतं. मास्तरांच्या पद्धतीने समासात लिहिलंय, 'आणून सोडतो, जोडी जुळली तर जीटीपी तोडून निघून जातो.'

मुळा-मुठा दादा, प्रॅक्टिकल परीक्षेत प्लाझमिडच आलं. नळी सहा वेळा उलटी केली, मनात मोजत. या वेळी पट्ट्या आल्या, थोडा धूर होताच. व्हायवात बाहेरून आलेल्या मॅडमनी धुरावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्यांनी मग पाच मिनिटं फक्त त्यावरच विचारलं. मेसेल्सन-स्टालचं उत्तर: पहिल्या पिढीत मधलीच पट्टी आली म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह (जुना डीएनए अखंड, नवा वेगळा) बाद झालं, पण डिस्पर्सिव्हमध्येही (जुने-नवे तुकडे मिसळलेले) पहिल्या पिढीत मधलीच पट्टी येते. दुसऱ्या पिढीत मधली आणि हलकी अशा दोन वेगळ्या पट्ट्या आल्या, तेव्हा डिस्पर्सिव्ह बाद झालं. बरोबर आहे ना?

दिवाळीत घरी गेले होते. आईला विचारलं. आई म्हणाली, सहा महिन्यांपर्यंत त्याला काहीच नव्हतं, मग एक दिवस हातापायांची बोटं सुजली. भावाला मी वही दाखवली. तो आता दहावीला आहे. ए पुढे, एस मागे, हे चित्र त्याने बराच वेळ बघितलं आणि त्याची फाइल काढून आणली. जुन्या एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायच्या तपासणीच्या) रिपोर्टवर एस ७४ आणि एफ १९ टक्के लिहिलंय. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि हायड्रॉक्सियुरिया (एफ वाढवणारं औषध) सुरू झालं नव्हतं. त्याने मला विचारलं, मी नऊ वर्षांचा होतो तर एफ बंद का नव्हता झाला? मला सांगता आलं नाही. ताई, तुम्ही सांगाल का?

---

निळी शाई

दादाच्या वतीने मीच सांगते, मेसेल्सन-स्टाल बरोबर.

तुझ्या भावाने फार चांगला प्रश्न विचारला, त्याला माझी शाबासकी सांग. आपल्याकडचा सिकलचा जनुक बहुतेक वेळा ज्या गुणसूत्राच्या तुकड्यावर बसून पिढ्यान् पिढ्या आलाय, त्याला अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात. त्या तुकड्यावर जी-गॅमा जनुकाच्या १५८ बेस आधी सी-च्या जागी टी असतो आणि तिथे एक्सएमएन-वन एन्झाइमची कापायची जागा तयार होते. असा तुकडा असलेल्यांत गॅमा पूर्ण मंदावत नाही, एफ जास्त राहतो. औषध नसताना नवव्या वर्षी १९ टक्के, तेव्हा पहिला संशय याच्यावरच घ्यायचा. नक्की सांगायचं तर डीएनए तपासावा लागेल. तरीही त्याला दुखतं, कारण एफ सगळ्या लाल पेशींत सारखा वाटलेला नसतो. काही पेशींत भरपूर, काहींत जवळजवळ नाही, आणि त्या दुसऱ्या पेशी दगा देतात.

बेचाळिसावं पान त्याच्याकडून लिहून घे. गॅमाचं जनुक कुठे, बीटाचं कुठे, आधी कुठलं, नंतर कुठलं, ते अकराव्या गुणसूत्रावर काढायला सांग. ज्या क्रमाने ती जनुकं गुणसूत्रावर बसली आहेत, त्याच क्रमाने ती चालू होतात. हे त्याला आधी सांगू नकोस, चित्र झाल्यावर विचार.